कोकण उघडलं

आंबेटेपाच्या वाडीत भात कधी कापायचं हे पंचांगात बघत नाहीत, आणि मोबाइलमधल्या हवामानावर तर कुणी शेळीसुद्धा बाहेर बांधत नाही. खंडाळ्याच्या पुढं, डांबरी रस्ता संपतो तिथनं अर्धा तास चाललं की ही वाडी लागते. पाठीला मावळ, आणि पुढ्यात काहीच नाही. घारीचा कडा, आणि कड्याखाली थेट कोकण. ऑक्टोबरात भात पिवळं पडतं, परतीचा पाऊस अजून दारात घुटमळत असतो, आणि वाडीतली माणसं विळ्यांना धार लावून बसून राहतात. वाट बघतात ती कड्यावर गेलेल्या एका माणसाची.

तो माणूस उजाडताना कड्यावर जाऊन उभा राहतो. बहुतेक दिवशी त्याला नुसता ढग दिसतो, दुधाच्या पातेल्यात वाकून बघावं तसा. पण एखाद्या दिवशी वारा फिरतो. देशावरचा कोरडा वारा पाठीवर येतो, ढगाला खाली रेटतो, पुढचे डोंगर एकेक करून सुटे होतात, आणि त्या सगळ्यांच्या पल्याड, आभाळ टेकतं तिथं, समुद्राची एक रेघ दिसते. विळ्याच्या पात्याएवढी. मग तो माणूस वाडीकडं वळतो, दोन्ही हात तोंडाशी धरतो आणि ओरडतो, "कोकण उघडलंऽऽ!"

तो कोरडा वारा एकदा लागला की तीन दिवस पाऊस येत नाही. तीन दिवसांत भात कापायचं, वाळवायचं, झोडायचं, घरात घ्यायचं. ती हाळी आल्यावर वाडीत कुणी कुणाला 'काय करायचं?' असं विचारत नाही.

आधी हे काम अंबाजीचा बाप करायचा. बाप गेल्यावर ते अंबाजीकडं आलं. ते कुणी नेमून दिलं नव्हतं. पहिल्या वर्षी तो आपण होऊन कड्यावर गेला, ओरडला, आणि खालून विळे निघाले. तेव्हापासून वाडीत त्याच्या ओरडण्याला एक वजन होतं. एरवी चहाच्या टपरीवर तो काहीही फेकू दे, लोक हसायचे. पण कड्यावरून तो जे बोलेल ते खरं.

आणि फेकायची त्याला सवय होती, कारण धंदाच तसला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो खंडाळ्याच्या पॉइंटवर फोटो काढायला लागला. गळ्यात कॅमेरा, खिशाला बिल्ला, आणि 'तासाभरात फोटो' अशी पुठ्ठ्याची पाटी. रोल संपला की मोपेडवरून लोणावळ्याच्या लॅबला, तिथून ओले फोटो शर्टाच्या आत धरून परत. नवी लग्नं झालेली जोडपी लाजत उभी राहायची. अंबाजी म्हणायचा, "साहेब, बाईसाहेबांकडं बघा. दरीकडं बघायला मी हाय." की दोघं हसायची आणि तो बटण दाबायचा.

पावसाळ्यात धुकं आलं की बाकीचे फोटोवाले पाट्या काखेत मारून चहाला जायचे. अंबाजीचा धंदा मात्र तेव्हाच. तो गिऱ्हाइकाला कठड्याशी उभं करायचा आणि कान लावायचा. घाटात रेल्वेगाड्यांना मागून ढकलणारी इंजिनं असतात, त्यांना बँकर म्हणतात. बँकरचा आवाज घोंगडीतून आल्यासारखा आला तर ढग अजून दाट. तोच आवाज एकदम धारदार झाला की समजायचं, खाली वारा हलला, आता उघाप येणार, ढग फाटणार. "थांबा," अंबाजी म्हणायचा. "थांबा, हलू नका. अजून थांबा." समोर पांढरी भिंत, जोडपं हुडहुडतंय, नवरा म्हणतोय की राहू दे हो. आणि अंबाजी म्हणायचा, "आता!" भिंत फाटायची, मागं अख्खी दरी, धबधबे, गाडीचा नागमोडी रूळ, सगळं अर्धं मिनिट. खटक. मग पुन्हा पांढरं. पडदा पाडल्यासारखं.

मग मोबाइल आले आणि बिल्ले गेले. लोक त्याच्या हातात स्वतःचा मोबाइल देऊन म्हणायचे, "काका, एक काढा ना." तो काढून द्यायचा. उघाप येईपर्यंत थांबवूनच काढायचा, फुकटचा असला तरी. हळूहळू तेही सुटलं. पोरगा संदेश परंदवडीकडं कारखान्यात लागला, घर चाललं, आणि अंबाजीकडं कॅमेरा, गुडघेदुखी आणि एकच हौस उरली.

हौस ही, की समुद्राची ती रेघ एकदा फोटोत यावी.

डोळ्यानं त्यानं ती सात वेळा बघितली होती. सातांतला एकही फोटो नव्हता. एकदा रोल संपलेला. एकदा रोल होता, पण धुवून आला तर आभाळ आणि समुद्र एकाच राखेचे. एकदा रतनबाईनं, म्हणजे बायकोनं, 'पाऊस लागंल' म्हणून कॅमेरा पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा माळ्यावर ठेवलेला. त्या वेळचं भांडण वाडीत अजून करून दाखवतात. एकदा तर सगळं जमलं होतं, आणि त्यानं आधी ओरडायचं ठरवलं. वाडीकडं वळून ओरडला, परत वळला, तर रेघ गेलेली. रतनबाई म्हणायची, "तुमचा समुद्र म्हंजे सोयऱ्याकडचं आमंत्रान. आलं म्हनत्यात, कागद कुनी बघितला न्हाई."

ही हौस पुरती ठाऊक असलेला दुसरा माणूस म्हणजे निलेश. अंबाजीच्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर गेली, तेव्हापासून दहावीपर्यंत निलेश मामाच्याच घरी वाढला. कॅमेरा धरायला मामानं शिकवलं, श्वास सोडून बटण दाबायला मामानं शिकवलं. आता लोणावळ्यात त्याचा स्टुडिओ होता, लग्नाआधीची फोटोशूटं करायचा, आणि यंदा त्यानं कड्याजवळच्या माळावर पर्यटकांसाठी तंबू टाकले होते. दिवाळीपासून सुरू करायचे म्हणत होता. मामाच्या घरी यायचा तेव्हा हातात खाऊचा पुडा असायचा आणि आल्या आल्या मामीच्या पाया पडायचा. अंबाजी त्याच्याबद्दल बोलायला लागला की रतनबाई पदर तोंडाला लावून म्हणायची, झालं, आता जेवन न्हाई.

यंदा ऑक्टोबर निम्मा सरला तरी पाऊस हटेना. रोज दुपारी गडगडायचं. वरच्या खाचरांतलं भात वाकलं होतं, अजून थोडं थांबलं तर लोंब्या झडल्या असत्या. दत्तोबा, अंबाजीचा शाळेपासूनचा दोस्त आणि वाडीतला सगळ्यांत मोठा शेतकरी, रोज टपरीवर नुसता अंबाजीच्या तोंडाकडं बघायचा. अंबाजी रोज नाही म्हणून मान हलवायचा.

मंगळवारी उजाडताना तो कड्यावर गेला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता, कापणी झाली की ऑपरेशन करायचं ठरलं होतं. आणि सवय अशी की कॅमेऱ्याला लावायचा तो उजवाच डोळा. पाठीमागून ऊन आलं, कड्यावरचं गवत सोन्यासारखं पेटलं, खाली बँकरचा आवाज एकदम धारदार झाला. ढग फाटला. अंबाजीला नीट काही दिसेना. काहीतरी उजळ होतं, काहीतरी करडं. त्यानं श्वास सोडला आणि अकरा फोटो काढले. मग ढग मिटला.

तो ओरडला नाही. दिसलंच नव्हतं, ओरडणार काय? दुपारी लोणावळ्याला गेला, कॅमेऱ्यातलं कार्ड निलेशला दिलं आणि म्हणाला, बघ बाबा, तुझ्या मोठ्या पडद्यावर काय दिसतंय का. मला तर धुरकट दिसलं.

संध्याकाळी वाडीच्या ग्रुपवर फोटो आला. रतनबाई मोबाइल घेऊन धावत ओटीवर आली. तोच कडा, तेच पेटलेलं गवत, आणि त्यापुढं डोंगरांच्या रांगा, आणि सगळ्यांच्या पल्याड चमचमणारा समुद्र. विळ्याच्या पात्याएवढा नाही, चांगला हातभर रुंद. खाली निलेशनं लिहिलं होतं: 'कोकण उघडलं! फोटो: अंबाजी, आंबेटेप.'

अंबाजीनं मोबाइल लांब धरला, जवळ धरला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्यामुळं तर आणखीनच दिसेना. कॅमेऱ्याला दिसलं, तो मनाशी म्हणाला. मला न्हाई दिसलं, पन माझ्या कॅमेऱ्याला दिसलं.

अर्ध्या तासात ओटी भरली. शेजारची सरूबाई मोबाइलवर दोन बोटं फाकवून म्हणाली, "बया, होडीबी दिसती की!" सगळे हसले. कुणी म्हणालं, सरूबाईची कोकणातली बहीण दिसते का बघा. सरूबाई म्हणाली, ती दिसंल, पन उसनं नेलेलं पातेलं न्हाई दिसायचं. अंबाजी इतका खूश होता की त्या होडीपाशी त्याचं मन थांबलंच नाही.

सगळ्यांत शेवटी दत्तोबा आला. तो हसला नाही. त्यानं फोटो बघितला, मोबाइल परत दिला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "अंबाजी, उघडलंय?"

ही विचारायची पद्धत नव्हती. आजवर कुणी विचारलं नव्हतं, आजवर हाळीच आली होती. पण हाळी नव्हती, फोटो होता, म्हणून त्यानं विचारलं.

अंबाजीनं फोटोकडं बघितलं. खाली त्याचंच नाव होतं.

"व्हय," तो म्हणाला. "उघडलंय. कापा."

बुधवारी आणि गुरुवारी वाडीत एक माणूस घरात राहिला नाही. वरची खाचरं सगळी आडवी झाली. दत्तोबाची, सरूबाईची, अंबाजीची स्वतःची. कापलेलं भात वाळायला जागच्या जागी पसरलं. फक्त खालच्या ओढ्याकाठची गरवी भातं, उशिरा पिकणारी, तेवढी उभी राहिली.

गुरुवारी दुपारी तीनला पाऊस आला. समोरून, कोकणातून नाही. पाठीमागून, देशाकडून आला, कुणाचं लक्ष नसताना. दोन तास कोसळला. शुक्रवारी परत. शनिवारी परत. रविवारी खाचरांत पाणी उभं होतं आणि पाण्यात भात पोहत होतं. सोमवारी दत्तोबानं एक पेंढी उचलून बघितली, तर दाण्यांना पांढरे मोड आले होते.

अंबाजीला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट लोक त्याची समजूत काढत होते. हवामानच बिघडलंय म्हणाले. पहिल्यासारखं काही राहिलं नाही, वाऱ्याचाही भरवसा गेला, तू तरी काय करणार. सरूबाईनं तर त्याला भाकरी-पिठलं आणून दिलं, कारण तो जेवत नाही असं रतनबाईनं तिला सांगितलं होतं.

मंगळवारी निलेश आला. खाऊचा पुडा, पाया पडणं, आणि काखेत एक मोठी फ्रेम. तोच फोटो, दारावरच्या गणपतीच्या तसबिरीपेक्षा मोठा. एक मामाला भेट, आणि दुसरी अशीच तंबूंच्या कमानीवर लावणार होता. भातांचं कळलं तेव्हा लय वाईट वाटलं, म्हणाला. चहा घेतला, घाईत होता, गेला.

अंबाजीनं फ्रेम ओटीवर भिंतीला टेकवून ठेवली. सकाळचं ऊन तिच्यावर पडलं होतं. त्यानं उजवा डोळा हातानं झाकला आणि डाव्या, चांगल्या डोळ्यानं बघायला लागला. आजवर त्यानं हा फोटो मोबाइलच्या पडद्यावर, तेही पाणावलेल्या डोळ्यांनी बघितला होता. आता तो पॉइंटवरच्या अंबाजीच्या नजरेनं बघत होता: ऊन कुठनं आलंय, सावली कुठं पडलीय.

गवताची सावली पुढं पडली होती, दरीकडं. म्हणजे ऊन पाठीमागून. बरोबर, सकाळची वेळ, सूर्य पूर्वेला, मावळाच्या बाजूला.

आणि समुद्रावर उन्हाची वाट चमकत होती.

तशी वाट कधी दिसते? सूर्य समुद्राच्या डोक्यावर असला की. संध्याकाळी. सकाळी कड्यावरून दिसणारा समुद्र चमकत नाही, तो शिशाच्या रंगाचा असतो, ओल्या पाटीसारखा. हे अंबाजीला सात वेळा डोळ्यानं बघून ठाऊक होतं. एका फोटोत सूर्य पाठीशीही होता आणि तोंडासमोरही.

मग त्याला सरूबाईची होडी आठवली. तो फ्रेमवर वाकला. होती. शीड होतं, शिडाला पट्टे होते. कड्यावरून बघताना पलीकडच्या पाड्यावरचा बैल मुंगीएवढा दिसतो, आणि समुद्रातल्या शिडाचे पट्टे दिसत होते.

"रतने," तो म्हणाला, "मी लोनावळ्याला जाऊन येतो."

स्टुडिओत निलेश पडद्यासमोर बसला होता. मामाला बघून उठला, खुर्ची दिली. अंबाजी बसला नाही. त्यानं कार्डातले फोटो बघायला मागितले, अकराच्या अकरा, जसे काढले तसे. निलेशनं विचारलं, कशाला. अंबाजीनं पडद्याकडं बोट दाखवलं. शेवटी निलेशनं ते उघडले. एक, दोन, तीन. गवत, कडा, करडा ढग. सातव्यात ढग जरा विरळ, मागं डोंगराची एक पाठ. समुद्र कशातही नव्हता.

"समुद्र कुटला हाय त्यो?" अंबाजीनं विचारलं.

"काशिदचा. मागच्या डिसेंबरमधल्या एका शूटचा." निलेशनं पडद्याकडं बघतच सांगितलं. "मामा, ओरिजिनल एकदम डल होता. थोडं काम केलं त्याच्यावर. सगळेच करतात. आणि आपल्या कड्यावरनं समुद्र दिसतोच ना? तुम्हीच सांगता. मी खोटं काय दाखवलं? दिसतो तेच दाखवलं."

"त्या दिशी न्हवता दिसत."

"हो, पण दिसतो ना कधीतरी?"

निलेश आता त्याच्याकडं वळला, आणि त्याचा आवाज मऊ झाला, लहानपणी काहीतरी मागताना व्हायचा तसा. "तीस वर्षं तुमच्या तोंडून ऐकतोय, मामा. एक फोटो, एक फोटो. म्हटलं, तंबूंचं पण काम होईल आणि तुमची इच्छा पण पुरी होईल. माझं नाव नाही टाकलं मी. तुमचं टाकलं."

"माझं नाव टाकलंस म्हनून तर कापलं लोकांनी."

"ती कॅप्शन होती, मामा!" निलेश म्हणाला. "ओळ चांगली वाटली म्हणून टाकली. मला काय माहीत, लोक खरंच विळे घेऊन निघतील?"

"तुला म्हाईत न्हवतं?" अंबाजी हळू बोलत होता. "धा वर्सं तू त्या घरात भात खाल्लंस. मी वराडलो की माझ्याआदी तू विळा घेऊन पळायचास. तुला म्हाईत न्हवतं?"

निलेशनं मान खाली घातली. मग वर केली आणि जे बोलला ते आधीच ठरवून ठेवल्यासारखं बोलला. म्हणाला, लोक तुम्हाला दोष देत नाहीयेत, हवामानाला देतायत. देऊ द्या. हवामान कुणाच्या हातात असतं? दिवाळीचं बुकिंग त्या फोटोवर झालंय. आता तुम्ही सांगत सुटलात तर माझे तंबू जातील, तुमचं नाव जाईल, आणि भात काही परत यायचं नाही. कुणाचा फायदा?

हिशेब बरोबर होता. म्हणूनच अंबाजीला तो सहन झाला नाही. त्यानं कार्ड मागून घेतलं, रुमालात बांधलं आणि निघाला. दारापर्यंत गेल्यावर निलेश मागून म्हणाला, "मामा, जेवून तरी जा."

वाडीत पोचला तेव्हा उन्हं कलत होती. दत्तोबाच्या खळ्यावर पाच-सात माणसं होती. मोडाचं भात ताडपत्रीवर पसरून दत्तोबा पायानं हलवत होता. त्याचा वास येत होता, आंबट. अंबाजी खळ्याच्या कडेला उभा राहिला. लोकांनी त्याला 'ये, बस' केलं. त्यानं डोक्याची टोपी काढून हातात घेतली.

"दत्तू, उघडलं न्हवतं," तो म्हणाला. "त्यो समुद्र निलेशनं दुसरीकडनं आनून डकवलाय."

आधी कुणाला कळेचना. त्यानं परत सांगितलं, फोटो, कार्ड, पाठीचा सूर्य, पोटाचा सूर्य, होडी. सांगता सांगता त्याचं त्यालाच वाटायला लागलं की हे सगळं किती लांबलचक आहे, आणि 'कापा' हा शब्द किती लहान होता. सरूबाईला सगळ्यांत आधी उमगलं. ती ताडपत्रीच्या कोपऱ्यावर बसली होती.

"म्हंजे भाच्यानं मामाचाच मामा केला," ती म्हणाली.

दोघं-तिघं हसले. हसू लवकर विझलं. निलेशचं काय करायचं यावर आवाज चढायला लागले. तंबू उपटा, कुणी म्हणालं, उद्याच्या उद्या उपटा. अंबाजीला एक क्षण बरं वाटलं. सगळ्यांची तोंडं लोणावळ्याच्या दिशेला वळली होती.

दत्तोबाचं वळलं नव्हतं. तो अजून भात हलवत होता. "त्यानं फोटो टाकला," तो म्हणाला. "मी फोटोवर न्हाई कापलं. मी तुझ्या ओटीवर येऊन तुला इचारलं. तू काय म्हनलास?"

"कापा म्हनलो."

"तू बघितलं व्हतंस?"

अंबाजीच्या हातात टोपी गोल गोल फिरत होती. "न्हाई," तो म्हणाला. "मला धुरकट दिसलं. वाटलं, कॅमेऱ्याला दिसलं आसंल."

दत्तोबाचा पाय थांबला. "मग आमी कुनाच्या डोळ्यानं कापलं, अंबाजी?"

दत्तोबानं पुन्हा पाय हलवायला सुरुवात केली, दाणे ताडपत्रीवर ओलसर सरकत राहिले. अंबाजी टोपी घालून घरी गेला. फ्रेम त्यानं भिंतीकडं तोंड करून ठेवली. रतनबाईनं दोन दिवसांनी ती गोठ्यात नेली आणि कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा केली. निलेशच्या कमानीवरची मात्र तशीच राहिली. तंबू कुणी उपटले नाहीत. वाडीतलीच चार माणसं तिथं स्वयंपाकाला आणि झाडलोटीला लागणार होती.

त्यानंतर टपरीवर अंबाजीशी लोक बोलायचे. डोळ्याचं ऑपरेशन कधी, संदेशला सुट्टी आहे का, असलं सगळं. पण वाऱ्याविषयी कुणी विचारायचं नाही. विषय निघालाच तर तो आला की बदलायचा. दत्तोबा त्याच्यासाठी चहा सांगायचा आणि आपला चहा घेऊन दुसऱ्या बाकड्यावर बसायचा.

अंबाजी रोज कड्यावर जात राहिला. कॅमेरा नेत नव्हता. उजवा डोळा झाकून डाव्यानं बघायचा.

नवव्या दिवशी तो उभा राहिला आणि पाठीला गार वारा लागला. कोरडा. ओठ फुटतील असा. खालच्या घाटातून बँकरचा आवाज आला, कानाशी घंटा वाजवावी तसा स्वच्छ. ढग खाली बसला, पहिला डोंगर सुटा झाला, दुसरा झाला, तिसरा. त्यानं डावा डोळा चोळला. उजवा झाकून बघितलं, दोन्ही उघडून बघितलं. पल्याड शिशाच्या रंगाची रेघ होती. चमक नव्हती. होडी नव्हती. विळ्याच्या पात्याएवढी, बस्स.

तो वाडीकडं वळला. हात तोंडाशी नेले. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग आवाज आला.

"कोकण उघडलंऽऽ!"

खाली वाडी दिसत होती. कौलांतून धूर निघत होता. दोन-तीन माणसं अंगणात आली, वर बघितलं. कुणी विळा घेतला नाही. सरूबाई हातात मोबाइल घेऊन उभी होती, अंगठा वर-खाली करत. ग्रुपवर काही आलंय का ते बघत असावी. अंबाजी परत ओरडला. ओढ्याकाठचं गरवं भात उभं होतं, वाडीचं यंदाचं उरलंसुरलं तेवढंच.

मग दत्तोबाच्या घरातून दत्तोबा बाहेर पडला आणि चढाला लागला.

त्याला वर यायला पाव तास लागला. आयुष्यात कापणीच्या दिवसांत तो कधी कड्यावर आला नव्हता, यायची गरज नव्हती. अंबाजी बाजूला सरकला. दत्तोबा दम खात काठावर उभा राहिला, डोळ्यांवर हात आडवा धरला. बराच वेळ बघितलं. दोघांच्या मध्ये दोन माणसांची जागा होती.

"त्यो पांडरा पट्टा?" त्यानं विचारलं.

"त्याच्या वर. बारीक हाय."

दत्तोबानं आणखी थोडा वेळ बघितलं आणि मान डोलावली. अंबाजीचा हात सवयीनं छातीशी गेला, जिथं चाळीस वर्षं कॅमेरा लोंबायचा. आज तिथं नुसता सदरा होता. दत्तोबानं ते बघितलं.

"बरं झालं आनला न्हाईस," तो म्हणाला. "लोकांनी फोटोवर इस्वास ठेवला असता."

तो वळला, चार पावलं उतरला आणि वाडीकडं तोंड करून स्वतःच ओरडला, "कापाऽऽ!"

खालच्या अंगणांतून विळे निघाले. दत्तोबा उतरत गेला. अंबाजीनं पुन्हा समुद्राकडं बघितलं. रेघ अजून होती. तो आठव्यांदा ती बघत होता, ती जाईपर्यंत बघत राहिला, आणि मग आपला विळा घ्यायला खाली उतरला.